भावनाकार्डांचा संच: चित्रं आपली, मराठी परकी

माझ्या तिसरीच्या वर्गासाठी हा संच नोव्हेंबरात मागवला. ७४० रुपये, टपाल वेगळं. सादिल, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाचं अनुदान, आलेलं नव्हतं म्हणून पदरचे पैसे घातले. त्यामुळे थोडी चिडून लिहितेय असं वाटलं तर वाटू द्या.

डब्यात ४० कार्डं (वर चित्र, खाली शब्द), फिरत्या काट्याची एक तबकडी आणि शिक्षकांसाठी पुस्तिका. काटा तिसऱ्या दिवशी मोडला. आता प्रत्येक मुलाच्या नावाचा कपड्यांचा चिमटा केलाय. हजेरी होईपर्यंत ज्यानं त्यानं तो आज जे वाटतंय त्या कार्डाला लावायचा. काट्यापेक्षा हे बरं, कारण एका वेळी सगळ्यांचं दिसतं.

चित्रांना पैकीच्या पैकी. दोन वेण्या, शेंबडं नाक, सुटलेली नाडी, अशी आपल्याच शाळेतली वाटणारी पोरं. घोडं अडतं ते खालच्या शब्दांपाशी. 'चिंताग्रस्त', 'लज्जित', 'अस्वस्थ' हे आठ वर्षांच्या कुठल्या पोराच्या तोंडी ऐकलंय कोणी? पुस्तिकेत तर 'आपल्या भावनांसोबत शांत बसा' असं आहे. परिपाठानंतर ते वाचून दाखवलं, तर मागून प्रश्न आला, "बाई, कुठं बसायचं?"

शेवटी पोरांनाच विचारून कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. 'चिंताग्रस्त'वर 'पोटात गोळा आला', 'लज्जित'वर 'कसनुसं झालं', 'उत्सुक'वर 'कवा एकदा'. 'आनंदी' तेवढं तसंच ठेवलं.

आमची शाळा साखर कारखान्याच्या पट्ट्यात आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीची मुलं येतात आणि गाळप संपून कारखाना बंद झाला की निघून जातात. यंदा बीडकडचा एक मुलगा आला. चार दिवस चिमटा हातात धरून नुसता उभा राहायचा. 'उदास' दाखवलं, नको. 'एकटा' दाखवलं, तेही नको. पाचव्या दिवशी म्हणाला, "बाई, करमंना." चाळीस कार्डांत हे कार्डच नाही! इंग्रजी यादी समोर ठेवून संच केला की असंच होणार. नशिबानं चाळिसांत दोन कोरी आहेत. त्यानं एकावर शेळी काढली, मी खाली 'करमंना' लिहिलं. त्याच दुपारी आमच्या गावातल्याच एका मुलीचा चिमटा त्या कार्डावर गेला. तिची आई बाळंतपणाला माहेरी गेलीय, हे मला तेव्हा कळलं.

पैसे वसूल झाले ते मात्र गरजेच्या सहा कार्डांवर: पाणी, शू, थांब, मदत, पुन्हा सांगा, आवाज नको. वर्गात एक स्वमग्न मुलगा आहे. खिचडीच्या वेळी ताटांचा खणखणाट सुरू झाला की तो कान दाबून ओरडायचा. गटसाधन केंद्राच्या विशेष शिक्षिका आठवड्यातून एकदा येतात. त्यांनी ही सहा कार्डं भोकं पाडून दोरीत ओवली आणि त्याच्या दप्तराला बांधली. आता 'आवाज नको' दाखवून तो व्हरांड्यात जाऊन जेवतो. रोज जमतं असं नाही, पण जमतं. पुस्तिकेत मात्र अशा सगळ्या मुलांसाठी 'विशेष मुले' हा एकच शब्द आणि अर्धं पान. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, १९९५च्या कायद्यात ७ होते. निदान तेवढं तरी लिहायचं.

दुसरी गोष्ट जास्त खटकली. एखादं मूल रोजच 'भीती'ला चिमटा लावत असेल तर बाईंनी पुढं काय करायचं, हे पुस्तिकेत कुठंच नाही. शेवटच्या पानावर याच विक्रेत्याच्या पुढच्या संचाची जाहिरात आहे. मी तिच्यावर पेनानं मदतीचे नंबर लिहून ठेवलेत: मुलांसाठी १०९८, आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६. दुसरा नंबर २०२२च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, फुकट लागतो, मराठीतही बोलता येतं.

कार्डांचे कोपरे दोन महिन्यांत सुटले. पाच पैकी तीन तारे, त्यातला एक नुसत्या चित्रांचा.

कोरी कार्डं वेगळी मिळतील का, म्हणून विक्रेत्याला विचारलं. उत्तर आलं, पूर्ण संच घ्या, दहा टक्के सूट देतो. घेतला नाही. लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर आम्ही १९ कार्डं केली. त्यात 'करमंना'ची तीन आहेत, कारण एकावर चिमट्यांना जागा पुरत नाही.