डब्यावर ‘एमपीपीटी’, आत साधा स्विच

छोटी सोलर सिस्टिम बसवताना लोक पॅनेल पारखून घेतात, बॅटरीची दहा ठिकाणी चौकशी करतात आणि या दोघांच्या मधे बसून बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा चार्ज कंट्रोलर मात्र ऑनलाइन फोटो बघून मागवतात. फसवणारे नेमके तिथेच टपून बसलेत. 60 अँपिअरचा एमपीपीटी कंट्रोलर, म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा महाग प्रकार, म्हणून माझ्याकडून पैसे घेतले आणि हातात ठेवला तो पीडब्ल्यूएम, म्हणजे साधा स्वस्त प्रकार, तोही सुमार. कंट्रोलरचे पैसे भांडून परत मिळवले. पण त्याच्यापायी एक धडधाकट बॅटरी कायमची गेली, आणि राग आहे तो त्याचा.

आधी या दोन प्रकारांतला फरक सांगतो, कारण सगळी लबाडी त्यावरच चालते. माझ्याकडे 60 सेलची, 250 वॅटची दोन पॅनेल पॅरललमध्ये आहेत आणि बॅटरी 12 व्होल्टची. असं पॅनेल सर्वांत जास्त वीज देतं ते 30 व्होल्टच्या आसपास. बॅटरी मात्र चार्ज होताना 13-14 व्होल्टवर असते. पीडब्ल्यूएम कंट्रोलर म्हणजे मधला एक वेगवान स्विच. तो पॅनेल सरळ बॅटरीला जोडतो, त्यामुळे पॅनेलचं व्होल्टेजही बॅटरीइतकंच खाली ओढलं जातं. पॅनेलमधून निघतो तेवढाच करंट बॅटरीत जातो आणि वरचे पंधरा-सोळा व्होल्ट फुकट जातात. एमपीपीटी पॅनेलला 30च्या जवळ चालू देतो, मग आतल्या कन्व्हर्टरने व्होल्टेज उतरवून त्या बदल्यात करंट वाढवतो. चांगल्या एमपीपीटीत या अदलाबदलीत पाचेक टक्केच वाया जातात.

पीडब्ल्यूएम वाईट असतो असं मुळीच नाही. 36 सेलचं छोटं पॅनेल, 12 व्होल्टची बॅटरी आणि दोन-चार दिवे असतील तर तोच घ्या, उगाच जास्त पैसे घालवू नका. संताप आहे तो पीडब्ल्यूएम एमपीपीटीच्या नावाने आणि एमपीपीटीच्या भावात विकण्याचा.

पहिली लक्षणं बॅटरीने दाखवली. दिवसभर लख्ख ऊन पडूनही संध्याकाळी हायड्रोमीटरवर बॅटरीतल्या ॲसिडची घनता 1.200च्या वर चढेना. पूर्ण चार्ज झालेल्या लेड ॲसिड बॅटरीत ती 1.265च्या आसपास हवी. म्हणजे बॅटरी जेमतेम निम्मी भरत होती आणि रात्री पुन्हा रिकामी होत होती. विक्रेत्याला विचारलं तर बॅटरीत दोष असेल म्हणाला. बॅटरीवाल्याने तपासून सांगितलं, बॅटरीत खोट नाही, तिला पोटभर मिळतच नाहीये. त्याचंच बरोबर होतं. पण बराच काळ अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग तिची क्षमता परत येत नाही. माझ्या बॅटरीचं तेच झालं.

मग भर दुपारी, बॅटरी बरीच उतरलेली असताना, क्लॅम्प मीटर लावला. हा मीटर डीसी करंट मोजणारा हवा. स्वस्तातले बरेच क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात आणि डीसीच्या तारेवर शून्य दाखवतात, तेव्हा मीटर घेताना बघून घ्या. पॅनेलकडून येणाऱ्या तारेवर 15 अँपिअर. बॅटरीकडे जाणाऱ्या तारेवरही 15 अँपिअर. पॅनेलच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावला तर 13.4 व्होल्ट. इथेच सगळं उघड झालं. बॅटरी 13.1 व्होल्टवर होती, म्हणजे तिला मिळत होते 200 वॅटपेक्षा कमी. त्याच उन्हात खऱ्या एमपीपीटीने बॅटरीकडे 27-28 अँपिअर दिले असते.

आणि तेव्हा त्या कंट्रोलरचा डिस्प्ले काय दाखवत होता? पॅनेल 30.5 व्होल्ट, 15 अँपिअर, साडेचारशेच्या वर वॅट, शेजारी एमपीपीटी ही अक्षरं लुकलुकतायत. तेवढ्यात ढग आला. करंट 15 वरून 4 वर घसरला, पण पॅनेलचा आकडा 30.5 वरून तसूभर हलला नाही. मल्टिमीटरवर 13.3 आणि डिस्प्लेवर 30.5. तो आकडा कुठून मोजलेला नव्हताच, सॉफ्टवेअरमध्ये आधीच भरून ठेवलेला होता आणि करंटला त्याने गुणून वॅट दाखवले जात होते. चुकून स्टिकर बदललं गेलं असेल असं एक वेळ म्हणता आलं असतं. पण कुणीतरी बसून खोटा आकडा दाखवायचा प्रोग्राम लिहिलाय. गिऱ्हाइकाला फसवायचं हे ठरवूनच ही वस्तू बनवलेली आहे.

विक्रेत्याची उत्तरं ठरावीक. आधी ऊन कमी असेल, मग तारा बारीक असतील, मग पॅनेल जुनी असतील. शेवटी म्हणाला, तुम्ही कंट्रोलर उघडला असेल तर वॉरंटी संपली. मी उघडलेला नव्हता, आणि तुम्हीही तक्रार निकालात निघेपर्यंत स्क्रूला हात लावू नका. त्याऐवजी व्हिडिओ काढा. एकाच चित्रणात, न थांबवता, दोन्ही तारांवरचा करंट, पॅनेल टर्मिनलवरचं व्होल्टेज आणि डिस्प्लेवरचे आकडे आले पाहिजेत. बॅटरी उतरलेली असतानाच हे करा, कारण भरत आलेल्या बॅटरीवर कुठलाही कंट्रोलर करंट आवळतो आणि विक्रेत्याला पळवाट मिळते. ‘बॅटरी नीट चार्ज होत नाही’ या तक्रारीवर, कंट्रोलर जिथून मागवला होता त्या साइटने मला टोलवलं होतं. ‘वर्णनात लिहिलेली वस्तू दिलेली नाही’ असं लिहून हाच व्हिडिओ जोडला, तेव्हा पैसे परत आले. परतीची मुदत बहुधा फार थोडी असते, म्हणून कंट्रोलर आल्या आल्या, पहिल्या स्वच्छ उन्हात ही मोजणी उरकून घ्या.

वस्तू त्यांनी परत मागितली नाही, तेव्हा मग उघडली. एमपीपीटीत तांब्याच्या जाड तारेची भलीमोठी कॉइल असावीच लागते, तिच्याशिवाय व्होल्टेज उतरवून करंट वाढवता येत नाही. 60 अँपिअरच्या खऱ्या कंट्रोलरचं वजन एक किलोच्या वर जातं ते बरंचसं या कॉइलमुळे आणि हीटसिंकमुळे. इथे नखाएवढी एक कॉइल होती, डिस्प्लेला वीज पुरवणारी. मॉस्फेटवरचे, म्हणजे करंट चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचवरचे, नंबर घासून काढलेले. पण अंगावर काटा आला तो कपॅसिटर बघून. डब्यावर छापलंय, पॅनेलकडून 100 व्होल्टपर्यंत चालेल, दोन पॅनेल सिरीजमध्ये जोडा. आत कपॅसिटर 50 व्होल्टचे. माझी पॅनेल पॅरललमध्ये होती म्हणून उघड्या सर्किटला, म्हणजे करंट वाहत नसताना, 38 व्होल्टच्या आत राहिली. सूचनेप्रमाणे सिरीजमध्ये जोडली असती तर 75च्या वर व्होल्टेज गेलं असतं आणि गार सकाळी आणखी थोडं जास्त. कपॅसिटर फुटला असता, मॉस्फेट शॉर्ट झाला असता आणि पॅनेलचं व्होल्टेज कुणाच्याच ताब्यात न राहता बॅटरीवर गेलं असतं. हे घरात, कुणाच्या तरी झोपायच्या खोलीशेजारी बसवलं जातं.

हाच विक्रेता छोटी पवनचक्की आणि तिच्यासाठी ‘हायब्रिड एमपीपीटी’ (सोलर आणि चक्की दोन्हींसाठीचा कंट्रोलर) ही विकतो. पाती 1.2 मीटर व्यासाची, जाहिरात 1000 वॅटची, 10 मीटर प्रति सेकंद वाऱ्यात. गणित करून बघा. तेवढ्या वर्तुळातून त्या वेगाने जाणाऱ्या वाऱ्यात मुळात 700 वॅटही नसतात. त्यातले 59.3 टक्क्यांहून जास्त कुठल्याच पात्यांना काढता येत नाहीत, ही जर्मन शास्त्रज्ञ बेट्झ यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलेली मर्यादा आहे. प्रत्यक्षात छोट्या चक्कीतून 200 वॅट मिळाले तरी खूप. वारा निम्म्यावर आला की ऊर्जा आठपट घटते, म्हणजे 5 मीटरच्या वाऱ्यात पंचवीसेक वॅट.

त्या ‘हायब्रिड’ कंट्रोलरची माहिती नीट वाचली तर डंप लोडचा, म्हणजे जास्तीची वीज जिरवायच्या सोयीचा, कुठे उल्लेखच नाही. सोलर पॅनेल बॅटरी भरल्यावर तोडलं तर काही बिघडत नाही. चक्कीला तोडलं तर तिच्यावरचा भार नाहीसा होतो, ती जोराच्या वाऱ्यात बेफाम फिरते आणि पाती निखळू शकतात. म्हणून जास्तीची वीज जिरवायला मोठा रेझिस्टर किंवा चक्कीकडून येणाऱ्या तारा (फेजेस) एकमेकींना जोडून, म्हणजे शॉर्ट करून, तिला थांबवणारा ब्रेक, यांपैकी काहीतरी हवंच. ते नसलेला कंट्रोलर कुणी पवनचक्कीसाठी म्हणून विकत असेल तर तो कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

नवा कंट्रोलर बसवला तेव्हा पहिल्याच दुपारी पॅनेलच्या तारेवर 14 अँपिअर आणि बॅटरीच्या तारेवर 27 दिसले. बॅटरीही नवी घ्यावी लागली, तिची भरपाई कुणी दिली नाही.

माझी तक्रार मंजूर झाल्यावर ती जाहिरात काढून टाकली गेली. आता तोच फोटो दुसऱ्या नावाने पुन्हा लागलाय आणि डब्यावर 100 अँपिअर लिहिलंय. 100 अँपिअर न्यायला निदान 25 चौरस मिलिमीटरची केबल लागते. फोटोतली टर्मिनलची भोकं मात्र माझ्या कंट्रोलरला होती तीच आहेत, 6 चौरसची तार कशीबशी शिरेल एवढी.