नॉम आठ महिने वापरल्यावर: पार्सर दोन दिवसांत, एररला तीन महिने

एका सहकारी साखर कारखान्याच्या पगारपत्रकाचं काम माझ्याकडे आहे. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पगाराची सूत्रं कोडातच पुरलेली होती. नियम बदलला की प्रोग्रामरला फोन, मग चार दिवस वाट. म्हणून ठरलं की सूत्रं लेखा विभागानेच लिहायची, मराठीत, साध्या मजकूर फाइलमध्ये, ओळीला एक. भविष्य निर्वाह निधीची ओळ अशी:

निधी = जर मूळ > १५००० तर १८०० नाहीतर मूळ * १२ / १००

हे वाचणारा पार्सर, म्हणजे मजकुराची फोड करून अर्थ लावणारा प्रोग्राम, मी रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत नॉम ही पार्सर लिहायची लायब्ररी (तयार कोडाचा संच) वापरून लिहिला. सातव्या आवृत्तीवर सुरुवात केली, मध्यंतरी आठव्यावर गेलो. नॉमचा वेग, बायनरी फाइली वाचायची ताकद वगैरे सगळीकडे लिहून आलंय. मला सांगायचंय ते एररबद्दल, म्हणजे चुकल्यावर येणाऱ्या संदेशाबद्दल. माझ्या पार्सरचा वापरकर्ता म्हणजे लेखा विभागातल्या मॅडम. सूत्र बरोबर असेल तर त्यांना पार्सर आहे हेसुद्धा कळत नाही. त्याची गाठ पडते ती चुकल्यावरच.

पार्सर दोन दिवसांत उभा राहिला. छोटी छोटी फंक्शनं एकात एक बसवत जायचं, लिहायला मजा येते. तिसऱ्या दिवशी मॅडमनी ‘नाहीतर’ऐवजी ‘नाहितर’ लिहिलं. ऱ्हस्व-दीर्घाची चूक, आपण सगळेच करतो. एरर काय आली? बरोबर-चिन्हापुढच्या दुसऱ्या शब्दापाशी, ‘मूळ’पाशी, कोड ‘ईओएफ’. म्हणजे ‘इथे मजकूर संपायला हवा होता’. मॅडम ‘मूळ’ शब्दाकडे दहा मिनिटं बघत बसल्या. त्यात चूक नव्हतीच.

झालं होतं असं. बरोबर-चिन्हानंतर मी ‘ऑल्ट’ला, म्हणजे दिलेले पर्याय एकामागून एक बघणाऱ्या नॉमच्या फंक्शनला, दोन पर्याय दिले होते: जर-तरचं सूत्र, नाहीतर साधं सूत्र. पहिला पर्याय ‘नाहितर’पर्यंत गेला आणि पडला. ऑल्टच्या दृष्टीने पडला म्हणजे पडला, कुठे पडला याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तो मागे येऊन दुसरा पर्याय बघतो. साध्या सूत्राने ‘जर’ हेच कुणाचं तरी नाव समजून गिळलं आणि म्हणाला, झालं माझं. उरलेला मजकूर बघून ‘मजकूर संपला का’ तपासणारा शेवटचा पहारेकरी ओरडला. खरी चूक सापडली होती, पण ती पहिल्या पर्यायाबरोबर फेकली गेली.

यावर नॉमकडे ‘कट’ आहे. नॉममध्ये नापास होण्याचे दोन प्रकार आहेत: ‘एरर’, म्हणजे दुसरा पर्याय बघा, आणि ‘फेल्युअर’, म्हणजे आता मागे फिरायचं नाही. (तिसरा ‘इनकम्प्लीट’, मजकूर तुकड्यातुकड्याने येत असेल तेव्हाचा. चुकून ‘स्ट्रीमिंग’ मोड्यूलमधलं फंक्शन इम्पोर्ट केलंत तर फाइलच्या शेवटच्या ओळीवर हाच भेटेल आणि अर्धा दिवस खाईल.) कट हा पहिल्या प्रकाराचा दुसरा करतो. ‘जर’ वाचल्यावर पुढचं सगळं कटमध्ये घातलं, ‘जर’, ‘तर’, ‘नाहीतर’ हे शब्द नाव म्हणून चालणार नाहीत असं सांगितलं, आणि एरर बरोबर ‘नाहितर’वर आली.

मग मला कटची चटक लागली. सगळीकडे टाकला. एक ठिकाण असं होतं की ओळीत नुसतं सूत्रही चालायचं, तपासून बघण्यासाठी: मूळ + महागाई. मी नावानंतर लगेच कट ठेवला, म्हणजे नावापुढे बरोबर-चिन्ह आलंच पाहिजे. झालं, धडधाकट ओळी मरायला लागल्या. कट हलवून बरोबर-चिन्हाच्या पुढे नेला तेव्हा सुटलं. आता मी कट ठेवण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: इथवर आल्यावर दुसरा कुठला पर्याय बरोबर निघू शकतो का? निघू शकत असेल तर कट नाही. व्याकरणातल्या अशा जागा हाताने शोधाव्या लागतात. नॉम त्यात मदत करत नाही आणि चुकलात तर बोलतही नाही.

न बोलण्याचा सगळ्यात महागडा नमुना ‘मेनी-झीरो’चा. हा एकच पार्सर पुन्हा पुन्हा चालवतो आणि तो नापास झाला की थांबून, जमलं तेवढं घेऊन, ‘यशस्वी’ म्हणून परत येतो. कागदपत्रांत हे स्वच्छ लिहिलंय, दोष माझाच. पुढे पहिल्याच महिन्यात मी एकेका ओळीऐवजी अख्खी फाइल मेनी-झीरोने वाचायला लागलो आणि फाइलच्या शेवटी मजकूर संपला का हे तपासायचं राहिलं. एका ओळीत कंस बंद करायचा राहिला. त्या ओळीपासून खालचं सगळं गायब, एरर शून्य. खाली काय होतं? व्यवसायकर: दरमहा २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. चाचणीच्या पगारपत्रकात व्यवसायकराचा रकाना कोरा आणि हातात येणारा पगार थोडा जास्त. अशा चुकीची तक्रार कुठला कामगार करणार? मॅडमनी बेरीज जुळवली म्हणून कळलं.

सगळा मजकूर संपलाच पाहिजे असं बजावणाऱ्या ‘ऑल-कन्झ्युमिंग’ने गुंडाळलं की निदान काहीतरी उरलंय हे कळतं, पण कारण मात्र हरवलेलंच राहतं. ‘मेनी-टिल’ जास्त बरा. तो आधी ‘मजकूर संपला का’ विचारतो, नसेल तर पुढची ओळ वाचतो, आणि ओळ पडली तर तिची खरी एरर वर पाठवतो. शेवटी मी तेही काढलं. आता फाइल आधीच ओळींमध्ये फोडतो आणि प्रत्येक ओळ वेगळी पार्स करतो. नॉम पहिल्या चुकीवर थांबतो, चूक ओलांडून पुढे जाणं त्यात तयार मिळत नाही. ओळी वेगळ्या केल्यावर पाच ओळींतल्या पाच चुका एकदम दाखवता येतात आणि ओळीचा क्रमांकही फुकट मिळतो. एका ओळीत एकच सूत्र असल्यामुळे हे जमलं. कंस तीन ओळींवर पसरत असते तर जमलं नसतं.

आता संदेशाचा मजकूर. नॉमची मूळ एरर म्हणजे उरलेला मजकूर आणि ‘टॅग’, ‘डिजिट’, ‘ऑल्ट’ असला एक कोड. यंत्राला पुरे, माणसाला नाही. त्याच्यावर उपाय म्हणून जास्त माहिती ठेवणारा ‘व्हर्बोज-एरर’ आहे, आठव्या आवृत्तीत तो वेगळ्या ‘नॉम-लँग्वेज’ लायब्ररीत गेला. ‘कॉन्टेक्स्ट’ लावून ‘अट वाचताना’, ‘कंसातलं सूत्र वाचताना’ अशी नावं देता येतात, ती मराठीतही चालतात. पण ऑल्टचे सगळे पर्याय पडले तर हाती फक्त शेवटच्या पर्यायाची एरर लागते. म्हणून मी स्वतःचा एरर-प्रकार लिहिला, चाळीसेक ओळींचा: दोन एररमधून निवडायची वेळ आली की जी मजकुरात जास्त पुढे गेली ती ठेवायची, दोघी एकाच जागी असतील तर ‘काय हवं होतं’ची यादी एकत्र करायची. नॉमची याला आडकाठी नाही. एरर-प्रकार तुमचा तुम्ही आणायचा, हीच त्याची खरी ताकद. आठ महिन्यांतल्या बऱ्याच शिव्या या चाळीस ओळींनी मिटवल्या.

सगळ्या नाही. ‘मूळ + महागाई भत्ता’ असं लिहिलं, मधली अधोरेखा (_) राहिली, तर मला म्हणायचंय: ‘महागाई’पुढे अधिक, उणे, गुणिले, भागिले किंवा ओळीचा शेवट हवा. पण चिन्हांचा शोध मेनी-झीरोच्या आत झाला, तो ‘यशस्वी’ ठरला आणि यशाबरोबर एरर पाठवायला नॉममध्ये जागाच नाही. उरतं फक्त ‘ओळीचा शेवट हवा’. हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेच्या जगात यावर खूप आधी विचार झालाय. डान लायेन आणि एरिक मायर यांचा पार्सेक या तिथल्या पार्सर-लायब्ररीवरचा अहवाल २००१ चा, त्यात यशस्वी निकालाबरोबरही ‘इथे आणखी काय चाललं असतं’ ही माहिती पुढे जाते. पार्सेकमधूनच निघालेला मेगापार्सेक तेच चालवतो. मी ती चार चिन्हं संदेशात हाताने चिकटवलीत. कोड बघताना लाज वाटते, पण मॅडमना संदेश कळतो.

एक शनिवार-रविवार विनोही चालवून बघितला. नॉममधूनच फुटून निघालेली लायब्ररी, ‘हे अपेक्षित होतं’ सांगायची सोय तिच्यात आधीपासूनच आहे. आज कोरी पाटी असती तर बहुतेक तिथून सुरुवात केली असती. चालू पगारपत्रकाखालून पाया काढायची हिंमत झाली नाही.

देवनागरीचं प्रकरण वेगळंच. नॉमचे ‘अल्फा’ आणि ‘डिजिट’ फक्त इंग्रजी अक्षरं-आकडे ओळखतात, त्यामुळे १५००० पहिल्याच दिवशी नापास. अक्षरांसाठी मी रस्टची स्वतःची ‘इज-अल्फाबेटिक’ तपासणी लावली. काना-मात्रा-वेलांटी पास झाल्या, हलन्त नाही, कारण युनिकोडच्या, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक मानकाच्या, हिशोबात तो वर्णाक्षर नव्हे. ‘भत्ता’चा ‘भत’ झाला आणि एररमध्ये ठिपक्यांच्या वर्तुळाखाली लोंबकळणारा हलन्त आणि पुढे ‘ता’. मॅडमनी त्याचा फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, ‘हे काय आहे?’

आणि जागा दाखवणं. व्हर्बोज-एररबरोबरचं ‘कन्व्हर्ट-एरर’ ओळ छापून खाली बाणाची खूण करतं, पण मोजतं बाइटमध्ये (संगणकाच्या साठवणुकीच्या एककात), अक्षरांत नाही. देवनागरीतलं एकेक चिन्ह यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत तीन बाइटचं. सुरुवातीच्या निधीच्या ओळीत ‘नाहितर’ सुरू होतो तो बाइटने मोजला तर ७१ व्या जागी, युनिकोड चिन्हांनी ३१ व्या, आणि माणूस बोट ठेवून मोजेल तर २८ व्या. बाण ओळ संपून बाहेर रिकाम्या जागेत उभा. जागा मोजणारी नॉम-लोकेट लायब्ररी वापरून ३१ वर आलो, अक्षरसमूह मोजून २८ वर. तरीही बाण जुळेना, कारण ‘मू’ आणि ‘र’ची रुंदी फॉन्टमध्ये सारखी नसते. शेवटी बाण सोडून दिला. आता संदेश म्हणतो: ओळ १२, ‘१८००’च्या पुढे ‘नाहीतर’ हवं होतं, ‘नाहितर’ आहे. शब्द उचलून दाखवला की मोजायची गरजच पडत नाही.

पुढे हौसेने ‘असं म्हणायचं होतं का?’ ही सूचनाही घातली. गेल्या आठवड्यात मॅडमचा निरोप आला, संदेश जसाच्या तसा: ‘कर्मचार्‍याचा_वाटा’ हे नाव माहीत नाही. ‘कर्मचाऱ्याचा_वाटा’ म्हणायचं होतं का? खाली त्यांचा प्रश्न: दोन्हींत फरक काय? डोळ्याला काहीच नाही. एकात नुक्त्याचा ऱ होता, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. ते चिन्ह नावात चालेल असं मीच ठरवलं होतं, यात नॉमचा काही संबंध नाही. आता फाइल वाचतानाच जोडचिन्हाच्या रूपाचं नुक्त्याच्या रूपात रूपांतर करतो.