घटस्फोट आणि मुलांचा ताबा : एका सल्लासेवेचा अनुभव

पुण्यातील एका वकिली कार्यालयात केस टाकण्याआधी कायदा समजावून सांगणारी सशुल्क सल्लासेवा मिळते. पाऊण तासाच्या दोन बैठका, शुल्क 4,000 रुपये आणि वकीलपत्रावर सही करण्याचे बंधन नाही. पुढे काही तक्रारीही लिहिल्या असल्याने कार्यालयाचे नाव देत नाही. मी दीड वर्षापासून आठ वर्षांच्या मुलीसह कोथरूडला माहेरी राहते आणि नवरा नाशिकला असतो. याआधी दुसऱ्या एका ठिकाणी गेले होते, तेथे माझे बोलणे पुरते व्हायच्या आत ‘आधी फौजदारी तक्रार करू, मग समोरचे वाकतील आणि म्युच्युअल (दोघांच्या संमतीचा घटस्फोट) तीन महिन्यांत उरकेल’ असे सांगून निम्मी फी मागण्यात आली. त्यामुळे येथेही धास्तावूनच गेले.

पहिली बैठक ज्येष्ठ वकीलबाईंनी घेतली आणि शुल्क तिथेच वसूल झाले, असे म्हणायला हरकत नाही. फोनवर वेळ देतानाच घटनांचा तारीखवार तपशील लिहून आणायला सांगितले होते. मी वहीची अकरा पाने भरून नेली. बाईंनी ती सगळी वाचली आणि हातातल्या पेन्सिलीने एकेका परिच्छेदाला उभी रेघ मारत गेल्या. सासूबाई काय म्हणाल्या, दिवाळीला कोण कोणाशी बोलले नाही, हे सारे रेघेच्या आत गेले. मुलीला ताप आला तेव्हा दवाखान्यात कोणी नेले, शाळेच्या डायरीवर सही कोणाची असते, बसपर्यंत सोडायला कोण जाते, एवढेच रेघेबाहेर राहिले आणि ते जेमतेम दीड पान भरले. ‘ताब्याच्या अर्जात न्यायालय हे दीड पान वाचते,’ त्या म्हणाल्या. मला त्या क्षणी राग आला होता, हे कबूल करते.

मूल लहान असले की ते आईलाच मिळते, असे आमच्या घरात सगळेच ठामपणे सांगत होते. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमात पाच वर्षांखालील मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असावा असे म्हटले आहे खरे, पण त्यातला ‘साधारणपणे’ हा शब्द आम्ही कोणी वाचलाच नव्हता आणि माझी मुलगी तर आठ वर्षांची आहे. त्याच कायद्याप्रमाणे निर्णायक ठरते ते मुलाचे हित. आई किंवा बापाचा हक्क त्याच्या मागून येतो. मूल समजत्या वयाचे असेल तर त्याची इच्छाही न्यायालय विचारात घेऊ शकते, मात्र मुलाला पढवून नेले तर ते न्यायाधीशांच्या दालनात पाच मिनिटांत उघडे पडते, असा इशारा बाईंनी दिला. पालकत्व आणि ताबा या वेगळ्या गोष्टी आहेत, हेही मला तिथेच कळले. कायद्याच्या मजकुरात नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप आणि त्याच्या ‘नंतर’ आई येते. सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये गीता हरिहरन यांच्या प्रकरणात या ‘नंतर’चा अर्थ ‘बापाच्या मृत्यूनंतर’ एवढाच घेता येणार नाही, असे ठरवले.

बापाची भेट बंद करता येईल का, हे विचारायलाच मी खरे तर गेले होते. वकीलबाईंनी ‘नाही’ म्हणून विषय संपवला नाही. भेटीमुळे मुलीला नेमका कोणता धोका आहे, असे त्यांनी तीनदा विचारले आणि मला एकदाही उत्तर देता आले नाही. मग त्यांनी कागदावर शनिवार-रविवार, मे महिन्याची सुट्टी, दिवाळीचे चार दिवस आणि व्हिडिओ कॉलची वेळ असे रकाने आखून दिले. संमतीच्या अटी मोघम लिहिल्या की पुढची पाच वर्षे त्यांच्यावरूनच भांडणे चालतात, हे त्यांचे म्हणणे पटण्यासारखे होते. ताब्याचा आदेश परिस्थिती बदलल्यास बदलून घेता येतो, ही माहिती दिलासा देणारी आहे आणि धास्तीचीही.

म्युच्युअलबाबत त्यांनी कोणतेही आश्वासन दिले नाही, याचे मला विशेष वाटले. अर्जापूर्वी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते आणि अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या अमरदीप सिंग निकालानंतर हे सहा महिने न्यायालय माफ करू शकते, पण पोटगी व ताब्याचा निकाल आपसात लागलेला असेल आणि तडजोडीचे प्रयत्न संपले असतील तरच. हुकूम होण्यापूर्वी एकाने संमती मागे घेतली तर अर्ज तिथेच अडतो. अर्ज पुण्यात करता येईल का, या प्रश्नाचे उत्तर मात्र सरळ होते : पत्नीला ती राहते तेथे घटस्फोटाचा अर्ज करता येतो आणि ताब्यासाठी मूल सामान्यतः जेथे राहते ते ठिकाण पाहिले जाते. कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्क नसून परवानगीचा भाग आहे, तेव्हा समुपदेशकासमोर स्वतःच बोलायची तयारी ठेवा, असेही त्यांनी बजावले.

दुसऱ्या बैठकीने निराशा केली. ती कनिष्ठ वकिलांनी घेतली आणि विषय पोटगीचा होता. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानुसार दोन्ही पक्षांना मालमत्ता व देण्यांचे शपथपत्र द्यावे लागते. त्याची फिकट झेरॉक्स हाती ठेवून ‘घरी भरून आणा’ एवढेच सांगण्यात आले. माझ्या नावावरच्या मुदतठेवी कोठे लिहायच्या, हे मी विचारले तर ‘नंतर पाहू’ हे उत्तर मिळाले. छापील माहितीपत्रकात पोटगीसाठी अजून दंड प्रक्रिया संहितेचे कलम 125 आहे, वास्तविक 1 जुलै 2024 पासून त्या जागी नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144 लागू झाले आहे. पैसे घेऊन माहिती देणाऱ्यांकडून ही चूक अपेक्षित नव्हती.

आणखी एक गोष्ट खटकली. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 प्रमाणे स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो, हे मला येथे कोणी सांगितले नाही. ते जिल्हा न्यायालयाच्या आवारात लावलेल्या फलकावरून कळले. ज्यांना 4,000 रुपये जड वाटतात त्यांनी आधी तिकडे चौकशी करावी. ताब्याचा प्रश्न गुंतागुंतीचा असेल तर मात्र पहिल्या बैठकीसाठी मी या कार्यालयात पुन्हा जाईन. दुसरीची वेळ घेताना ती कोण घेणार आहे, हे विचारून घ्यावे आणि शपथपत्राचे प्रश्न लिहूनच न्यावेत.