डब्ल्यूडी ब्लॅक एसएन७७० (१ टीबी) जुन्या बी४५० बोर्डवर, वर्षभर गेमिंग करून झाल्यावर

मित्रांपैकी दोघं-तिघं सध्या एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी वापरायची वेगवान डिस्क) घ्यायच्या विचारात आहेत आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, सेकंदाला ७००० एमबी स्पीडवाली घेऊ का ५००० वाली, म्हणून एकदाच नीट लिहितोय. माझा सेटअप रायझन ५ ३६०० प्रोसेसर आणि बी४५० मदरबोर्ड. आधी विंडोज सॅटा (जुन्या, हळू जोडणीच्या) एसएसडीवर आणि गेम्स हार्ड डिस्कवर असा कारभार होता.

एसएन७७० ही जेन ४ (बोर्डाशी जोडणीची चौथी पिढी, पिढी जितकी नवी तितका स्पीड जास्त) एसएसडी आहे, बॉक्सवर रीड सेकंदाला ५१५० एमबी लिहिलंय. पण बी४५० वर जेन ३ च चालतं, त्यामुळे मला क्रिस्टलडिस्कमार्कमध्ये (स्पीड मोजायचं सॉफ्टवेअर) ३४०० च्या आसपास मिळतात, आणि हे माहीत असूनच घेतली, कारण उद्या बोर्ड बदलला तरी एसएसडी तीच राहणार. बी५५० वाल्यांनी पण एक बघा, बोर्ड जेन ४ असला तरी प्रोसेसर ५६००जी असेल तर जेन ३ वरच अडकणार.

आता गेम लोड व्हायचं. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आलात की जमीन-अस्मानाचा फरक, त्यात वादच नाही. सायबरपंकने तर २.० अपडेटपासून मिनिमम रिक्वायरमेंटमध्येच एसएसडी टाकलीय. पण सॅटाच्या ५५० वरून ३४०० वर आलो तेव्हा वाटलं होतं सहापट लवकर लोड होईल, तर तसलं काही नाही, दोन-चार सेकंद वाचतात बस. कारण डिस्कवरून डेटा आला तरी तो उलगडायचं काम प्रोसेसरलाच करावं लागतं. जीटीए ऑनलाइनचं आठवतंय का, लोडिंग लावून चहा करून यायचो आपण? त्यात डिस्कचा दोष नव्हताच. साधारण १० एमबीची एक फाइल गेम इतक्या गचाळ पद्धतीने वाचत होता की प्रोसेसरचा एक कोअर त्यातच अडकून पडायचा, २०२१ मध्ये एका गेमरनेच ते शोधून काढलं, लोडिंग जवळपास ७० टक्क्यांनी कमी होतं हे दाखवलं, आणि रॉकस्टारने त्याला १०,००० डॉलर देऊन फिक्स आणला. डायरेक्टस्टोरेज (डिस्कवरचा डेटा गेमला पटकन पोचवायची मायक्रोसॉफ्टची सोय) वापरणारे गेम आलेत, फोर्सपोकन पहिला, पण अजून मोजकेच आहेत. म्हणून निव्वळ गेमिंगसाठी जेन ५ वर पैसे घालणं मला तरी पटत नाही.

त्यापेक्षा एसएसडीची चिप टीएलसी (एका सेलमध्ये तीन बिट) आहे का क्यूएलसी (चार बिट, स्वस्त पण लिहायला हळू) ते बघा. मी घेताना दुकानदार एक स्वस्तातली क्यूएलसी गळ्यात मारायला बघत होता, "स्पीड सेमच आहे भाऊ". स्पीड सेम असतो तो कॅशे (एसएसडीमधला तात्पुरता वेगवान भाग) भरेपर्यंत. डिस्क निम्म्याहून जास्त भरलेली असताना १०० जीबीचा गेम कॉपी करायला घेतला की सुरुवातीला सुसाट आणि मग जे बसतं ते हार्ड डिस्कपेक्षा पण खाली, मित्राच्या पीसीवर डोळ्यांनी बघितलंय. एसएन७७० मध्ये डीरॅम (एसएसडीची स्वतःची छोटी मेमरी) नाहीये, ती पीसीची थोडी रॅम वापरते, पण गेमिंगमध्ये मला त्याचा त्रास कधी जाणवला नाही. टीबीडब्ल्यू (वॉरंटीत एकूण किती टीबी लिहायचं ती मर्यादा) ६०० आहे. माझं आत्तापर्यंत १४ टीबी लिहून झालंय आणि हेल्थ ९८ दाखवतंय, म्हणजे एसएसडी झिजेल ही भीती गेमरने तरी बाळगू नये.

गरमीचं मात्र खरंय. माझा एम.२ स्लॉट (बोर्डवरची एसएसडी बसवायची जागा) नेमका ग्राफिक्स कार्डच्या खाली. बसवताना कार्ड काढा, एसएसडी तिरकी खोचली की ती वर उभी राहते, ती दाबून धरा आणि तो मुंगीएवढा स्क्रू लावा (स्क्रू बोर्डच्या बॉक्समध्ये असतो, एसएसडीसोबत येईलच असं नाही, बॉक्स फेकू नका). पुण्यातल्या एप्रिलमध्ये गेम चालू असताना टेंपरेचर ६८ पर्यंत गेलेलं, मग पुढचा फॅन साफ केला आणि साधा ॲल्युमिनियमचा हीटसिंक चिकटवला तर ५८-६० वर आलं. ८० च्या आसपास गेल्यावर एसएसडी स्वतःच स्पीड कमी करतात, तिथपर्यंत माझी कधी गेली नाही.

साइजचं म्हणाल तर १ टीबी म्हणजे विंडोजमध्ये ९३१ जीबी, त्यात थोडी जागा रिकामी ठेवायची. बाल्डर्स गेट ३ एकटाच १५० जीबी मागतो. चार मोठे गेम आणि संपलं. सध्या भाव चढलेत हे मान्य, तरी बजेट असेल तर जेन ५ च्या १ टीबीपेक्षा जेन ४ ची २ टीबी घ्या. फक्त एसएन७७० ची २ टीबी घेणार असाल तर विंडोज ११ चं २४एच२ व्हर्जन टाकायच्या आधी फर्मवेअर (एसएसडीच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, २०२४ मध्ये त्यावर ब्लू स्क्रीन येत होती आणि कंपनीने त्यासाठीच फर्मवेअर काढलं. आणि बी४५० वर दुसऱ्या एम.२ स्लॉटच्या भरवशावर राहू नका, बऱ्याच बोर्डांवर तो असला तरी स्लो असतो आणि वापरला की एक-दोन सॅटा पोर्ट बंद पडतात, मॅन्युअल उघडून बघा आधी.