फ्रान्समधल्या बिस्त्रोत (छोट्या रेस्टॉरंटात) मित्रांसोबत: फॉर्म्युल की आ ला कार्त?

फॉर्म्युल म्हणजे ठरलेल्या किमतीत आंत्रे (सुरुवातीचा पदार्थ) आणि मुख्य पदार्थ, किंवा मुख्य पदार्थ आणि गोड. ती बहुधा दुपारीच मिळते, पर्याय दोन-तीनच असतात आणि अदलाबदल सहसा करून देत नाहीत. पण स्वयंपाकघराची तयारी आधीच झालेली असल्यामुळे सहा जणांची ताटं एकदम येतात, बिलाचे वाटेही सरळ पडतात.

आ ला कार्तमध्ये, म्हणजे यादीतून एकेक पदार्थ निवडून मागवताना, मनासारखं खाता येतं, पण पंगत तुटते. दोघांनीच आंत्रे मागवलं, तर त्यांचं संपेपर्यंत बाकीचे ब्रेड खात बसतात. म्हणून आंत्रे सगळ्यांनी घ्यावं, नाहीतर कुणीच नाही. सूफ्ले (फेटलेल्या अंड्यांचा फुगणारा पदार्थ) ऑर्डर झाल्यावरच भाजतात, वीसेक मिनिटं लागतात, त्यामुळे ते सुरुवातीलाच सांगून ठेवा. कोत द बफ (हाडासकट गोमांसाचा जाड तुकडा) दोघांत एक असते. मांस किती शिजवायचं यावर आधी एकमत करा. ‘आ प्वँ’ (मध्यम शिजलेलं) म्हटलंत तर आतून गुलाबीच येणार.

दोन्हीकडे सेवाशुल्क किमतीतच धरलेलं असतं. पाणी मागताना ‘कराफ दो’ (नळाच्या पाण्याची सुरई) म्हणा, ते फुकट असतं; नुसतं पाणी म्हटलं तर बाटली येऊन बिलात चढू शकते.

दुपारी मोठा गट असेल तर बिनधास्त फॉर्म्युल. रात्री निवांत चौघं असाल, तर मात्र कार्तच घ्यावी.