सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर अकरा महिने

वय ४३, गाव उदगीर, एकोणीस वर्षांचा संसार सोडून पुण्यात आलेली बाई. अशा गिऱ्हाइकाच्या नजरेतून हे लिहितेय. स्पर्धा परीक्षेच्या मुलींना कॉट कुठे मिळते, हे शास्त्री रोडवरचा कुठलाही चहावाला सांगेल. माझ्या वयाच्या बाईला कॉट देतात का, आणि दिली तर तिथं राहवतं का, हे मला त्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं.

२०२४ चा जून. रात्रीच्या एसटीनं पहाटे स्वारगेटला उतरले. बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून तेवढे तरी पैसे वाचले होते. टिळक रोडवर एका सीएच्या ऑफिसात टॅलीचं काम ठरलं होतं, पगार १९ हजार. त्यात स्वतंत्र खोली घ्यायची म्हणजे भाडं भरून डिपॉझिटसाठी कुणाकडे तरी हात पसरायचा. हात पसरायचा नव्हता, म्हणूनच तर घर सोडलं होतं. मग उरतं कॉट बेसिस: फ्लॅट मालकाचा, कॉट आपली, बाकी सगळं सगळ्यांचं.

नागनाथ पारापासून पेरूगेटपर्यंत विजेच्या खांबांवर, जिन्यांच्या तोंडाशी पाट्याच पाट्या. ‘कॉट बेसिस, फक्त मुलींसाठी’. नऊ ठिकाणी जिने चढले. एके ठिकाणी विचारलं, “मिस्टर कुठं असतात?” दुसरीकडे, “आम्ही फॅमिली ठेवत नाही हो.” मी एकटीच उभी होते, हातात पिशवी. तिसऱ्या बाईंनी तर दार अर्धंच उघडलं आणि माझ्या मागं कोण आहे ते वाकून बघितलं. दहाव्या घरी मालकीण काकूंनी दोनच गोष्टी विचारल्या. रात्री दहाच्या आत येणार ना? आणि भाडं पाच तारखेच्या आत देणार ना? पुढं काही नाही. या जागेला मी जे काही मार्क देणार आहे त्यातले निम्मे त्या न विचारलेल्या प्रश्नांचे आहेत, हे आधीच कबूल करते.

जागा अशी: जुनी इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. बेडरूममध्ये तीन कॉट, हॉलमध्ये दोन. लोखंडी कॉट, काथ्याची गादी, उशी आपली आपण आणायची. भाडं ४,२०० रुपये, दोन महिन्यांचं डिपॉझिट, लाइटबिल पाच जणींत वाटून. शेवटी आलेलीला दाराजवळची कॉट मिळते, तशी मला मिळाली. तिथं पंख्याचा वारा गुडघ्यापर्यंत पोचतो, वर नाही. कपाट तिघींत एक, त्यातले दोन खण माझे, कुलूप माझं. पहिल्या रविवारी आईची जुनी इरकल खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत नायलॉनच्या दोरीवर टाकली आणि पडदा केला. भिंतीत खिळा मारायचा नाही असा नियम आहे, दोरी बांधायची नाही असा नाही. काकूंनी बघितलं, काठाला हात लावला आणि म्हणाल्या, “काठ छान आहेत. जपा.”

नियम मात्र भरपूर, आणि सगळे पाट्यांवर. बाथरूमच्या दारावर: ‘गिझर सकाळी ६ ते ८. दहा मिनिटांत आटोपावे. अकरावे मिनिट शेजारणीचे आहे.’ ओट्यावर: ‘चहा, दूध, मॅगी. पोळी-भाजी नाही. फोडणी तर नाहीच.’ फोडणीचं दुःख मराठवाड्याच्या माणसाला विचारा. डबा लावला होता, दोन वेळचे २,९०० रुपये. पोळ्या मऊ, भाजी बरी, पण आमटीत गूळ! पहिला आठवडा मला वाटलं चुकून पडला असेल. शेवटी काकूंशी तह केला: रविवारी सकाळी दोन तास ओटा माझा, ज्वारीची भाकरी चालेल, फोडणी दार-खिडक्या उघडून. त्या बदल्यात एक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाली त्यांच्याकडे जाते. हा तह अजून टिकून आहे.

पाणी: गुरुवारी दुरुस्तीसाठी बंद असलं की निळ्या पिंपावर भागवायचं. पाच जणींत एक बाथरूम ऐकून पोटात गोळा येतो, पण इथं माझं वय कामाला आलं. मुली अभ्यासिकेतून उशिरा येतात आणि नऊपर्यंत उठत नाहीत. सहा ते आठ गिझर जवळजवळ माझ्या एकटीचा.

रात्र मात्र त्यांची. मला साडेदहाला झोप हवी, त्यांचा इतिहास बाराला सुरू होतो. पहिले पंधरा दिवस डोळ्यांवर ओढणी टाकून पडत होते आणि मनात पुटपुटत होते. मग एकदा सगळ्यांना बसवून सरळ बोलले. आता बेडरूमचा दिवा साडेअकराला बंद, पुढचं वाचन हॉलमध्ये. एक मुलगी यावरून दोन महिने माझ्याशी बोलली नाही. बाकीच्या आधी ‘काकू’ म्हणायच्या, मग ‘मावशी’, आता ‘ताई’. वय असं उलटं उतरताना आधी कधी बघितलं नव्हतं. पाथर्डीची एक आहे, राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून रोज दोन उत्तरं लिहिते आणि मला वाचायला देते. मला त्यातलं फार कळत नाही. अक्षर कुठं लागत नाही आणि वाक्य कुठं संपत नाही, एवढं सांगते. ती तेवढंच मागते.

गणपतीबद्दल वेगळं सांगायला हवं. ते दहा दिवस पेठेत झोप विसरा, भांडी सुद्धा मांडणीवर थरथरतात. पण विसर्जनाच्या रात्री काकूंनी दहाचा नियम स्वतःहून उठवला. मी अलका चौकात पहाटे तीनपर्यंत उभी होते. पायाला गोळे आले. घरी किती वाजता येणार म्हणून फोन आला नाही, आणि तो येणार नाहीये हे मला दीड वाजता लक्षात आलं.

आता तक्रार, आणि ती लहान नाही. करार. काकू म्हणाल्या, कॉटला कसला आलाय करार. बँकेत आणि आधारवर पत्ता बदलायचा तर कागद हवा, आणि माझ्यासारखीला जुना पत्ता बदलणं हेच तर मुख्य काम. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. हे आमच्या साहेबांनी सांगितलं, मी काकूंना सांगितलं, त्यांनी मुलाला सांगितलं, आणि तीन महिने गेले. शेवटी ऑनलाइन नोंदणी झाली, अंगठे उमटले, खर्च निम्मा-निम्मा. तो खर्च माझ्याकडून घ्यायला नको होता असं माझं अजूनही मत आहे. पोलिसांकडची भाडेकरू नोंद तेव्हाच झाली. तुम्ही आधी कागद, मग डिपॉझिट, असंच धरा. आणि पहिल्या दिवशी भिंतीचे फोटो काढा. मार्चमध्ये सोडून गेलेल्या मुलीचे रंगाच्या नावाखाली दीड हजार कापले, आणि रंग अजून लागलेला नाही.

पाचपैकी साडेतीन. करार वेळेत झाला असता तर चार.

पुढच्या महिन्यात खिडकीजवळची मुलगी जातेय, तिला तलाठ्याची नेमणूक मिळाली. ती कॉट मी मागून घेतली. खिडकीचे म्हणून काकूंनी तीनशे रुपये वाढवले. घासाघीस केली, दोनशेवर आल्या. म्हणजे दाराजवळची रिकामी होईल. वारा गुडघ्यापर्यंतच येतो, ते सांगितलंच आहे. दोरी मी तशीच ठेवणार आहे, साडी तुमची तुम्ही आणा.