'रॉकी हॉरर' की 'शॉक ट्रीटमेंट'?

दोन्ही संगीतमय सिनेमे दिग्दर्शक जिम शारमन आणि लेखक-गीतकार रिचर्ड ओब्रायन या जोडीचे. दोन्हींत ब्रॅड आणि जॅनेट हे जोडपं आहे, फक्त नट वेगळे. १९७५चा 'द रॉकी हॉरर पिक्चर शो' आधी आपटला, मग मध्यरात्रीच्या खेळांनी डोक्यावर घेतला. लोक पात्रांसारखे नटून येतात, लग्नाच्या प्रसंगाला तांदूळ उधळतात. त्यावर आणखी काय बोलायचं?

१९८१च्या 'शॉक ट्रीटमेंट'च्या नशिबी ते आलं नाही. एक तर त्यात 'रॉकी हॉरर' गाजवणारा नट टिम करी नाही, आणि तो नसणं जाणवतं, हे मान्यच. पण कल्पना जबरदस्त आहे. १९८०मध्ये हॉलिवूडच्या नटांचा संप झाला, बाहेरचं चित्रीकरण बारगळलं आणि सगळा कारभार इंग्लंडमधल्या स्टुडिओत आला. मग कथेतलं अख्खं डेंटन गावच टीव्ही स्टुडिओ करून टाकलं! गावकरी म्हणजेच प्रेक्षक. रात्री घरी जायचं नाही, तिथेच झोपायचं. नवरा-बायकोचं भांडण हा गेम शो, वेड्यांचं इस्पितळ ही मालिका. ब्रॅडला तिथे डांबतात आणि जॅनेटला स्टार बनवतात. एका गाण्यात तर दोघं संसाराचं रडगाणं टोस्टर-मिक्सरपुढे गातात. रिअ‍ॅलिटी शो पाहून कंटाळलेल्यांना हे फार ओळखीचं वाटेल.

कथा मध्येच भरकटते, शेवट घाईत उरकलाय. तरीही चार मित्र जमवून धिंगाणा घालायचा असेल तर 'रॉकी हॉरर'; एकट्याने, हेडफोन लावून बघायचा असेल तर माझं मत 'शॉक ट्रीटमेंट'ला.